बाईसाहेबांच्या बातम्या

"दीर्घ श्वास घ्या... आता रोखून धरा," काचेमागून ती म्हणाली, आणि तेवढ्यात फळीवर ठेवलेला फोन थरथरला.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ उघड्या छातीने एक्स-रेच्या पाटीला चिकटून उभे होते. बटण दाबून झालं होतं, छातीच्या बरगड्या पडद्यावर उमटल्या होत्या, आता फक्त 'सोडा' म्हणायचं बाकी होतं. पण तिची नजर फोनवर गेली ती गेलीच. नवऱ्याचा निरोप होता. 'ताजी बातमी. बाईसाहेब आज पालथ्या पडल्या. कुणाच्याही मदतीशिवाय. आता परत सरळ होता येईना म्हणून घर डोक्यावर घेतलंय.' खाली छोटासा व्हिडिओ.

"अहो बाई," आतून घुसमटलेला आवाज आला, "सोडू का?"

"सोडा, सोडा!" ती गडबडून म्हणाली.

दाराशी मावशी उभ्या होत्या. पेशंटला वॉर्डातून आणायचं-न्यायचं काम त्यांचं. त्या खो खो हसायला लागल्या. "अगं, मारतेस की काय त्यांना! काय आलंय फोनवर एवढं?"

तिने व्हिडिओ दाखवला. मावशींनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून तो दोनदा पाहिला.

"पालथी पडली की गं! आणि बाप बघ कसा कौतुकाने बोलतोय. नशीबवान आहेस हो. असा नवरा शोधून सापडायचा नाही. आमच्या ह्यांना पोरं कितवीत आहेत विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघायचे."

तीही हसली. पण व्हिडिओत नवरा लेकीला म्हणत होता, "शाब्बास! आता संध्याकाळी आईला करून दाखवायचं हं." ते वाक्य दिवसभर तिच्या डोक्यातून जाईना. आईला करून दाखवायचं. पाहुण्यांना दाखवतात तसं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने चादर अंथरली आणि लेकीला त्यावर उताणं ठेवलं. स्वतः गुडघे टेकून समोर बसली. "हं, पड बघू पालथी. पड ना गं." लेकीने पायाचा अंगठा तोंडात घातला आणि छताकडे बघत राहिली.

"सकाळपासून तेच करतेय, दमली असेल," नवरा म्हणाला.

"माझ्यासमोरच बरी दमते," ती म्हणाली. म्हणताना हसली, पण ते हसणं तिचं तिलाच खोटं वाटलं.

नवरा छापखान्यात मशीनवर होता. छापखाना बंद पडला तेव्हा लेक अजून मानसुद्धा धरत नव्हती आणि तिची रजा संपत आली होती. दोघांनी बसून विचार केला, आणि सगळं फार सोपं वाटलं. तिच्या पगारात ओढाताण न होता भागत होतं. तो घरी राहील, पोरीला बघेल, पुढचं पुढे. पहिल्या दिवशी कामावर जाताना तिने त्याला इतक्या सूचना दिल्या की तो म्हणाला, "आता मला सोडतेस का, की माझाच एक्स-रे काढतेस?"

ते पहिले दिवस तिला आठवायचे. तो घटकेघटकेला फोन करायचा. दूध किती कोमट? नाक चोंदलंय, काय करू? उचकी थांबत नाही गं! ती कामात असली तरी फोन घ्यायची, जरा त्रासल्यासारखं करायची, आणि मनातून सुखावायची. मग हळूहळू ते फोन बंद झाले. त्याला काही विचारावंसं वाटेना. फोनऐवजी बातम्या यायला लागल्या. बाईसाहेबांना दात आला. बाईसाहेबांना कुकरच्या शिट्टीची भीती वाटत नाही, पण शेजारच्यांच्या शिंकेची वाटते. बाईसाहेबांनी वर्तमानपत्र खाल्लं, पहिलं पान.

मजेशीर लिहायचा. मावशी तर रोज विचारायच्या, "आज काय बातमी?" आणि ती वाचून दाखवायची. वाचताना स्वतःच्या घरातली गोष्ट आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतोय असं तिला व्हायचं.

एकदा लेक संध्याकाळी रडत होती. तिने घाईने दूध करायला घेतलं. नवरा आंघोळ करून बाहेर येत होता, तो तिथूनच म्हणाला, "भुकेचं नाहीये ते. झोपेचं आहे. भुकेचं आधी कुरकुरत सुरू होतं." तिने उचलून थोपटलं तर पोरगी जास्तच ताठ झाली, मान मागे टाकून बापाकडे झेपावली. त्याने ओल्या खांद्यावर टॉवेल टाकून तिला घेतलं आणि चालता चालता तोंडाने आवाज काढायला लागला. खटक-खट-फुस, खटक-खट-फुस. जुन्या मशीनचा आवाज. त्याला अंगाईबिंगाई येत नव्हती, त्याने आपली ही शोधून काढली होती. पोरगी काही वेळातच मान टाकून झोपली.

"तुझ्या हातांना हॉस्पिटलचा वास येतो ना, म्हणून असेल," तो हळू आवाजात म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला असणार.

ती मोरीत गेली आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. वास घेतला. परत धुतले.

नंतर एका रविवारी तिने त्याला मुद्दाम बाहेर पाठवलं. केस वाढलेत, मित्रांकडे जा, निवांत ये. तो गेला. दार लागल्याची खात्री झाल्यावर तिने लेकीला खांद्यावर घेतलं आणि येरझाऱ्या घालत हळूच सुरुवात केली, "खटक-खट-फुस." लेकीने मान उचलून तिच्या तोंडाकडे पाहिलं. नीट निरखून पाहिलं. आणि मग ओठ काढून रडायला लागली. तो परत आला तेव्हा दोघी रडवेल्या तोंडाने बसल्या होत्या. त्याने काही न बोलता पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केले. तिला त्या वेळी त्याचा असा राग आला की वाटलं, ते हात झटकून टाकावेत.

आपण वाईट आहोत असं तिला वाटायचं. नवरा पीत नाही, मारत नाही, सांगितलेलं ऐकतो, पोरीला जिवापाड सांभाळतो. तक्रार कोणाकडे करायची, आणि काय म्हणून? तिने मग दुसरेच मार्ग काढले. त्याने घातलेलं झबलं ती आल्यावर बदलायची. डबे हलवून ठेवायची. "ही टोपी कशाला घातलीस, घामेजली बघ केवढी." तो "बरं" म्हणायचा. भांडलासुद्धा नाही कधी.

मग एक दिवस ती बातमी आली. एका पोराचा मोडलेला हात पाटीवर ठेवून ती कोन जुळवत होती. ते काम संपवून काचेमागे आली आणि फोन पाहिला. 'आजची ठळक बातमी. बाईसाहेब बोलल्या. बाबा म्हणाल्या. मी दोनदा खात्री करून घेतली.'

तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मावशींना काही दाखवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती तडक तळमजल्यावर गेली, सामानाच्या खोलीत. तिथल्या भांडारवाल्याच्या मेव्हण्याचा खोकी छापायचा कारखाना होता, हे तिला केव्हाचं माहीत होतं.

"मशीनवर माणूस लागेल का हो त्यांना?" तिने विचारलं. "आमच्या घरच्यांसाठी."

"छापखान्यातला अनुभव आहे? मग उद्याच पाठवा की. चांगल्या माणसासाठी जीव टाकतोय तो."

त्या संध्याकाळी नवरा लेकीला मांडीवर घेऊन भरवत होता. तिने शेजारी बसून सांगितलं. सहज कळल्यासारखं.

"बघू की," तो म्हणाला. चमचा पुढे गेला, छोटं तोंड उघडलं. "एवढी चालायला लागू दे. मग जातो. आता कशी उभी राहते बघ, धरून धरून. मग एखादी शाळाबिळा बघू हिला."

"किती दिवस घरात बसणार आहेस?"

"बसतो कुठे? ही बसू देते होय?"

"चेष्टा नको करूस." तिच्या तोंडातून पुढचं आपोआप आलं, जणू केव्हापासून तयार होऊन बसलेलं. "लोक विचारतात मला. नवरा काय करतो म्हणून. मी काय सांगू?"

त्याचा हात थांबला. "लोक असं विचारतात?"

"हो."

"हॉस्पिटलमधले?"

"सगळेच."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिचा चेहरा तापला. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. लेकीच्या हनुवटीवर ओघळलेलं तो बोटाने पुसत होता, पुसून झालं तरी पुसतच राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू सांगत असशील की घरी असतो, पोरीला बघतो."

तिने लेकीच्या गळ्यातलं फडकं सरळ केलं.

"जातो उद्या," तो म्हणाला.

गेला, आणि त्यांनी त्याला लगेच ठेवून घेतलं. पोरीसाठी मागच्या गल्लीतल्या ताईंचं पाळणाघर ठरलं. ताई ऐसपैस बाई, आवाज खणखणीत, पण बाळांशी बोलताना अगदी साखरेचा. पहिल्या सकाळी दोघेही पोचवायला गेले. पोरगी बापाच्या शर्टाची कॉलर सोडेना. ताईंनी एकेक बोट सोडवलं. तो तरातरा चालत गल्लीच्या टोकाला गेला, मागे वळून न बघता. ती मागून जात होती. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले, आणि खरं सांगायचं तर, तिला हायसं वाटलं. आता दोघे सारखे.

आठवडाभर तिचं काम कसं हलकं होतं. फोन फळीवर गप्प पडलेला असायचा. "बातमी नाही का गं आज?" मावशी विचारायच्या. "वार्ताहर कामाला लागले," ती म्हणायची आणि दोघी हसायच्या. संध्याकाळी घरी तिघे सारखेच थकलेले, सारखेच शहाण्यासारखे वागायचे. लेक आता तिच्याकडेही यायची. एकदा तर त्याने हात पुढे केलेले असताना ती आईकडेच राहिली. तिने वरवर म्हटलं, "जा ना बाबाकडे," आणि पोरीच्या पाठीवरचा हात जरासा घट्ट केला.

आणि मग एका दुपारी फोन थरथरला. ताईंचा निरोप होता, दोघांनाही एकदमच पाठवलेला. व्हिडिओ.

ताईंच्या घरातली लांबट खोली. कडेला रांगेने ठेवलेल्या उशा. लेक भिंतीला धरून उभी होती. तिने भिंत सोडली. जरा डुलली. मग पोट पुढे काढून, दोन्ही हात वर धरून, एक पाऊल, मग दुसरं, मग भराभर, कॅमेऱ्याच्या दिशेने, हसत, थेट ताईंच्या अंगावर. शेवटी चित्र हललं आणि नुसता ताईंचा आवाज ऐकू आला, "आली गं माझी राणी! आली माझ्याकडे!"

माझी राणी.

बाहेर पेशंट ताटकळत होते. तिने तो व्हिडिओ परत लावला. तिला एकदम काहीतरी टोचलं ते जुन्या ओळखीचं होतं, पण आता ज्याच्यावर रागवायचं तो माणूस घरात नव्हता. तिने नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. बऱ्याच वेळाने त्याचाच आला. मागे मशीनचा धडधडाट चालू होता, तो ओरडून बोलत होता.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"चालली की!"

"हो ना. चालली."

"बरं, ठेवतो," तो ओरडला.

संध्याकाळी ती लवकर निघाली. ताईंच्या दारापाशी आली तर पायरीवर नवरा बसलेला. त्याला यायला नेहमी तिच्यापेक्षा उशीर व्हायचा. कामावरच्याच कपड्यांत होता, नखांत निळी शाई. आत दिवा होता, मुलांचे आवाज येत होते.

"इथे काय बसलायस? आत का नाही गेलास?"

"गेलो होतो," तो म्हणाला. "झोपलीय. ताईंच्या मांडीवर. उठवायचं जिवावर आलं."

ती त्याच्या शेजारी बसली. पायरी अरुंद होती, त्याला जरा सरकावं लागलं. गल्लीतून एक माणूस सायकल हातात धरून गेला. बराच वेळ दोघं त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी त्या बातम्या पाठवायचो ना. तुला असं व्हायचं का गं? आज मला झालं तसं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट त्याने काहीतरी केलंय आणि ते त्याला आत्ताच कळलंय, असा होता तो आवाज. सगळं तिच्या ओठांवर आलं. लोकांच्या नावावर सांगितलेलं खोटं, सामानाची खोली, मोरीत धुतलेले हात. एवढं सगळं बाहेर आलं तर ह्या पायरीवर मावणार नाही, असं तिला वाटलं.

"छे," ती म्हणाली. "मी वाट बघायचे त्यांची."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, हळूच, जणू तिने हे म्हटलं त्याबद्दल आभार मानावेत तशी.

दार उघडलं. ताई बाहेर आल्या, खांद्यावर लेक. गालावर साडीची घडी उमटलेली, डोळे अर्धवट उघडे. दोघं एकदम उठली.

"उठली बघा तुमची लेक. या, या, कोण आलंय बघ!"

दोघांनीही हात पुढे केले. लेकीने आधी आईकडे पाहिलं. मग बापाकडे. मग वळून ताईंच्या मानेत तोंड खुपसलं आणि त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"झोपेत आहे हो अजून," ताई ओशाळून म्हणाल्या. "जरा थांबा, येईल."

"हो, हो. घाई नाही," तो म्हणाला.

"घाई नाही," तीही म्हणाली.

आणि दोघं पायरीखाली उभी राहिली, हात तसेच पुढे धरून. कुणीच आधी खाली घेईना.