ओठांना उसंत

तिला ते कानानं कळलं. भांडी घासता घासता तिनं नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून ऐकत उभी राहिली.

पलीकडच्या खोलीत नवऱ्याचा क्लॅरिनेटचा रियाज चालला होता. रियाज म्हणजे काय, तर कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उघडायची, आत टांगलेल्या चार जाड कोटांत तोंड खुपसायचं आणि वाजवायचं. या परक्या देशात आल्याला दहा महिने झाले, तेव्हापासून हेच. भिंती पातळ, खालचा शेजारी तापट, कोट तेवढे सोशिक. कोटांत मुरून जो काही सूर उरे तो तिच्यापर्यंत पोचायचा, आणि वीस वर्षांच्या सवयीनं तिला त्यातलं सगळं समजायचं. आज झोप नीट झाली नाही, आज टिटवीला रागावलाय, आज कुणीतरी कार्यक्रम रद्द केलाय. टिटवी म्हणजे त्यांची बारा वर्षांची लेक. तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ते नाव.

आज वरच्या सुरांवर वारा निसटत होता. फुस्स. सायकलच्या ट्यूबला बारीक भोक असावं तसा.

"अहो, काय झालंय?" तिनं दारातून विचारलं.

"रीड जुनी झालीय."

त्यानं क्लॅरिनेटच्या टोकाची ती वेताची पट्टी बदलून नवी लावली. फुस्स तसंच. मग तिला चार दिवसांतल्या गोष्टी एकेक आठवायला लागल्या. हा माणूस पाव चहात बुडवून खातोय. सफरचंद कापून मागतोय. दाराच्या फटीत अक्रोड फोडणं बायकी म्हणून हसणारा, दाढेखाली फोडून दाखवणारा माणूस!

"तोंड उघडा."

"अगं, काहीतरीच काय!"

"उघडा म्हणते ना."

त्यानं उघडलं. वरचा समोरचा दात तिनं बोटानं नुसता शिवला, तर तो पाळण्यासारखा हलला. क्लॅरिनेटचं टोक तोंडात धरताना वरचे दात त्यावर टेकवावे लागतात, हे तिला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. सगळा भार तिथंच.

"कधीपासून?"

"रविवारपासून. म्हटलं, पुढच्या शनिवारपर्यंत काढेल तो." तो कोटाच्या बाहीकडे बघत म्हणाला. "दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. आपल्याला जन्मात पहिल्यांदा चणे दिसले बघ."

चणे म्हणजे नदीकाठच्या हॉटेलातलं काम. दर शनिवारी दुपारी चहाच्या वेळी तासभर वाजवायचं. इथं आल्यापासून त्यानं लग्नांत वाजवलं, अंत्यविधीला वाजवलं, एका चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं. सगळं तोंडी बोलावण्यावर. त्याच्या रहिवासाच्या कार्डावर 'स्वतंत्र कलावंत' असं छापलं होतं, आणि तिचं नि टिटवीचं कार्ड त्याच्या कार्डाला डब्यासारखं जोडलेलं. वर्ष भरायच्या आत परवाना पुन्हा काढायचा होता, आणि परवाना कचेरीतल्या बाईंनी खिडकीतून सांगितलं होतं की तोंडी चालणार नाही. कुठल्या तरी एका जागेनं पुढच्या वर्षाचं काम देत असल्याचं लेखी पत्र हवं. नाहीतर तिघांनी सामान बांधायचं. तारीख होती पुढच्या शनिवारनंतरचा मंगळवार. हॉटेलच्या मॅनेजरबाईंचं म्हणणं, शनिवारी गिऱ्हाइकांसमोर सलग तासभर वाजवून दाखवा, पटलं तर जागच्या जागी पत्र देते. नाहीतर एक अकॉर्डियनवाला थांबलाच आहे.

दातांच्या डॉक्टरीण बाई मायाळू होत्या. टिटवीनं मध्ये उभं राहून दोन्हीकडचं बोलणं पोचवलं. "दाताखालचं हाड झिजलंय म्हणतायत. आज ना उद्या पडणारच. शेजारचे दोनही त्याच वाटेवर आहेत म्हणतायत. नवा बसवायला चार महिने. बाबा काय काम करतात, विचारतायत."

त्यानं हवेत बोटं नाचवून क्लॅरिनेट दाखवली. डॉक्टरीण बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला.

परत येऊन घराची पायरी चढताना तो एकदम थांबला. "बोळकेमास्तर," तो म्हणाला.

बोळकेमास्तर त्याचे गुरू. खरं नाव वेगळं, पण तोंडात एकही दात नव्हता, म्हणून शिष्यांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. सत्तरी उलटल्यावरही ते वाजवायचे. दोन्ही ओठ आत दुमडून, हिरड्यांवर गादीसारखे अंथरून त्यांवर क्लॅरिनेट धरायचे. सूर असा मऊ निघायचा, की मागच्या रांगेतली माणसं कान पुढे करायची.

"आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो, असे ओठ दुमडून. एकदा पाठीमागे येऊन उभे राहिले, केवढा मार खाल्ला मी." तो कपाटाची दारं उघडत म्हणाला. "आता तीच नक्कल पोटापाण्याला लावायची."

पहिल्या दिवशी चार मिनिटं झाली. दात नुसते ओठांच्या आत होते, भार सगळा ओठांवर, पण तेच दात आतून ओठांत रुतत होते. "आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची?" असं म्हणून तो हसायला गेला आणि कळवळला. तिनं व्हॅसलीनची डबी कपाटात कोटाच्या खिशात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी नऊ मिनिटं. मग चौदा. ती भिंतीवरच्या घड्याळासमोर कणीक मळत उभी राहायची आणि मिनिटं मोजायची. फुस्स गेलं होतं. सूर खाली बसला होता, जरा म्हातारा झाल्यासारखा. पण मिनिटं हवी तेवढी वाढत नव्हती. शुक्रवारी दुपारी अठ्ठावीस झाली आणि सूर मध्येच तुटला. ती खोलीत गेली तेव्हा तो कोटांकडे पाठ करून जमिनीवर बसला होता, ओठ सुजून वांग्यासारखे झाले होते.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

"साठ हवीत." त्यानं बोटांनी दाखवलं. बोलवत नव्हतं.

"मध्ये मध्ये थांबून..."

त्यानं मान हलवली. सलग, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. गिऱ्हाईक शांततेला कंटाळतं.

रात्रभर तिचा जीव टांगणीला लागला होता. पूर्वी असा प्रसंग आला असता तर तिला घाम फुटला नसता. आपल्या गावात ती ऑर्केस्ट्राची निवेदिका होती. माइक बंद पडला, गायक वेळेवर आला नाही, ढोलकी फुटली, की वादक मंडळी तिच्याकडे बघायची आणि ती पुढे होऊन बोलायला लागायची. एकदा दिवे गेले तेव्हा तिनं अंधारात पंचवीस मिनिटं सभागृह हसतं ठेवलं होतं, आणि त्याच अंधारात क्लॅरिनेटवाल्यानं तिला हळूच विचारलं होतं, "तुम्ही घरीपण एवढंच बोलता का?" बोलून बोलून चहा गार करणारी ती बाई इथं दहा महिन्यांत मुकी झाली होती. इथल्या भाषेतली तिला येणारी वाक्यं म्हणजे 'किती झाले', 'पिशवी नको' आणि 'माफ करा'. बाकी सगळं टिटवी बोलायची.

शनिवारी दुपारी हॉटेलच्या काचेच्या छताखाली ऊन पडलं होतं. पंचवीसेक टेबलं, पांढरे कप, चमच्यांची किणकिण. मॅनेजरबाई खांबाला टेकून हाताची घडी घालून उभ्या, मनगटावर मोठं घड्याळ. ती आणि टिटवी कोपऱ्यातल्या टेबलावर एक चहा घेऊन बसल्या.

त्यानं ओठ दुमडले आणि सुरुवात केली. पहिल्याच तुकड्यावर शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. बोळकेमास्तरांचाच सूर. तिनं हात न जोडता मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि मिनिटं मोजायला घेतली. दहा. सतरा. बाविसाव्याला त्याच्या गळ्याची शीर फुगली. पंचविसाव्याला एक गत संपवून त्यानं रुमाल ओठांना लावला आणि लगेच आतल्या बाजूनं घडी घातली. तिला लाल दिसलंच.

मॅनेजरबाईंनी घड्याळ पाहिलं.

ती उठली. टिटवीनं पदराला धरलं. "आई, कुठं चाललीस? आई!"

टेबलांमधून चालत ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. नवऱ्यानं डोळे मोठे केले. पंचवीस टेबलांनी मान वर केली. तिच्या डोक्यात ना क्रियापद होतं ना काळ.

"माफ करा," ती म्हणाली. हे वाक्य येत होतं. "हा माझा नवरा. याचा मास्तर म्हातारा. दात नाही." तिनं एक बोट वर केलं. "एक पण नाही."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मास्तर असा वाजवतो." तिनं दोन्ही ओठ आत दुमडून दाखवले. "नवरा लहान. नवरा हसतो. मास्तर मारतो." तिनं स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली. "आज नवरा पण असा वाजवतो. मास्तर वर बसून हसतो."

आता सगळेच हसले. पुढच्या टेबलावरच्या एका आजोबांनी चमच्यानं आपल्या कवळीवर टक टक वाजवून दाखवलं, तशी त्यांच्या बायकोनं त्यांचा हात खाली ओढला. हसणं विरायच्या आत तिनं मास्तर कसे चालायचे ते सांगितलं, कसे खोकायचे ते सांगितलं. शब्द संपला की हातानं, हात संपला की डोळ्यांनी. तीन मिनिटं. मागे पाहिलं तर नवऱ्यानं व्हॅसलीन लावून झालं होतं. "आता गाणं," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

तासाभरात ती आणखी तीनदा उठली. शेवटच्या वेळी आजोबांनी खुर्चीच तिच्याकडे वळवून घेतली.

मॅनेजरबाईंनी दोघांना आत नेऊन पत्र टाइप केलं. एक वर्ष, दर शनिवारी. "या बाईसुद्धा," त्या तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, आणि एक ओळ वाढवली. बसथांब्यावर टिटवीनं ते वाचून दाखवलं, "क्लॅरिनेटवादक, आणि सोबत त्यांच्या पत्नी, निवेदिका."

निवेदिका. तिनं तो कागद हातात घेऊन तो शब्द कुठला ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवलं. अनोळखी अक्षरं होती, पण लांबीनं बरी होती.

टिटवी मात्र गप्प. टिटवी गप्प म्हणजे काहीतरी नक्कीच बिनसलेलं.

"काय गं?"

"आई, तुझ्या कार्डाच्या मागं लिहिलंय... फॉर्म मीच भरला होता ना. तुला काम करायची परवानगी नाही. बाबांनाच आहे. हे पत्र खिडकीत दिलं तर..."

बस आली, दार उघडलं, बंद झालं आणि बस गेली. नवरा सुजल्या ओठांनी काहीतरी म्हणाला; ते 'राहू दे' असावं. पण ती हॉटेलकडे वळली होती.

"ही ओळ नको," ती मॅनेजरबाईंना म्हणाली.

टिटवीनं कारण समजावून सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही बोलणार नाही? मला तुम्ही दोघं हवे आहात."

"मी गिऱ्हाईक," ती म्हणाली. "येणार. चहा पिणार. मी खूप बोलते. घरी पण."

बाईंनी छपाईयंत्राकडे पाहिलं, ते बंद करून झालं होतं. त्यांनी पेन उचलून ती ओळ एका रेघेत खोडली आणि शेजारी छोटी सही केली. "शनिवारी चहा माझ्याकडून," त्या म्हणाल्या.

मंगळवारी कचेरीत तिघंही खिडकीसमोर ओळीनं उभी होती. नवरा सकाळपासून तोंड घट्ट मिटून. खिडकीतल्या बाईंनी पत्र वाचत आणलं आणि खोडलेल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय?"

टिटवीनं तोंड उघडलं, तोच आईनं तिचा दंड धरला. हे वाक्य तिनं रविवार, सोमवार घोकून काढलं होतं, क्रियापदासकट.

"चूक झाली होती. त्यांनी दुरुस्त केली."

बाईंनी वर पाहिलं. मग नवऱ्याकडे. "तुम्ही काय वाजवता?" त्यांनी विचारलं. तो नुसता मान डोलावून, ओठ न उघडता हसला. ती घाईनं म्हणाली, "क्लॅरिनेट." बाईंचं बोट अजून त्या रेघेवरच होतं. रेघेखालची अक्षरं कुणालाही वाचता येतील इतकी स्पष्ट होती, हे तिला तेव्हाच दिसलं. जाड पेन मागायला हवं होतं.

शिक्का पडला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

बाहेर पायरीवर आल्यावर नवऱ्यानं खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातात दिली. "सकाळी पावात राहिला," तो म्हणाला, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा तोंडभर हसला. समोर मधोमध काळी खिडकी.

"शेजारचे?" तिनं विचारलं.

"आहेत अजून."

"हलतात?"

त्यानं जिभेनं ते चाचपून पाहिले. तिनं पुडी पर्समध्ये ठेवली, तिघांच्या कार्डांच्या कप्प्यात, आणि मनातल्या मनात शनिवारसाठी वाक्यं जुळवायला लागली. बावन्न शनिवार होते, आणि मास्तरांच्या गोष्टी तिला फार तर दहाच ठाऊक होत्या.

"अहो," ती चालता चालता म्हणाली, "मास्तरांचं सगळं सांगा बघू मला. अगदी पहिल्यापासून."