शून्य पॉइंट तीनची फट

बेस गिटार घ्यायला मी पर्समध्ये पोलादी पट्टी आणि फिलर घेऊन गेले, यावरून माझी धाकटी बहीण अजून माझी खेचते. खेचू दे. सव्वीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात, क्वालिटी चेकिंगला आहे मी. काकडीसुद्धा सरळ आहे का ते बघून घेते. फिलर म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पत्र्यांचा जुडगा. फटीत पत्रा सरकवायचा, फट केवढी ते कळतं.

त्याच सव्वीस वर्षांनी माझे कान खाल्ले. डॉक्टरांनी आलेख दाखवला, खालचे आवाज शाबूत, वरचे साफ गेलेले. लोकांच्या बोलण्यातले स आणि श गळतात. दाराची बेल वाजते ती शेजारणीलाच ऐकू येते. आम्ही बहिणी लहानपणापासून जोडीने गायचो. चार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी अख्खं कडवं बेसूर गायले आणि मला पत्ताच नाही. पहिल्या रांगेतली तोंडं बघून कळलं. त्या दिवसापासून मी गाण्याचं नावच टाकलं.

धाकटी मात्र गात राहिली. तिचा चौघांचा ग्रुप आहे. त्यांचा बेसवाला बदली होऊन निघाला, तेव्हा ती येऊन म्हणाली, "ताई, खालचं ऐकू येतं ना तुला? मग खालचं वाजव." मला आधी राग आला. वाटलं, कीव करतेय. मग तिने माझ्या कानाला हेडफोन लावले आणि नुसता बेस ऐकवला. एकेक सूर लख्ख. ओट्याला टेकून मी ढसाढसा रडले.

दोन महिने बेसवाल्याची उसनी गिटार घेऊन शिकले, तीन गाणी बसवली. आता त्याने ती परत मागितली होती आणि येत्या रविवारी ग्रुपचा ड्रमवाला, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, मला ऐकून ठरवणार होता. म्हणून ही खरेदी.

माझ्या बजेटमध्ये दुकानात तीनच बसत होत्या. पहिली चकचकीत, पाच तारांची. "पाचवी तार पुढे उपयोगी पडेल, मॅडम," दुकानदार म्हणाला. म्हटलं, "मला चार सांभाळू द्या आधी." दुसरी हलकी, पण पट्टा खांद्यावर घेतला की तिची मान जमिनीकडे जायची. एक हात तिला सावरण्यातच अडकणार. तिसरी जुनी, तपकिरी, मागे बेल्टच्या बक्कलचे ओरखडे. पण आखूड. माझी बुटकी बोटं मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर न ताणता पोचत होती.

मी पोलादी पट्टी लावली. मान किंचित वाकलेली.

"वाकडी आहे ही," मी म्हटलं.

"तेवढी असावी लागते, मॅडम."

विकणारा आणखी काय म्हणणार? मी त्या वाकडेपणावर घासाघीस करून भाव पाडला आणि वाचलेल्या पैशात जुना अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, घेतला. दोन अँप होते. कान बाजूला ठेवून मी दोन्ही खोक्यांवर तळहात ठेवले. लहान नुसता चुळबुळत होता. मोठ्याचा सूर कोपरापर्यंत आला, तो घेतला.

घरी आल्या आल्या मी तो वाकडेपणा काढायला बसले. मानेच्या आत सळई असते, षटकोनी ॲलन किल्ली फिरवून ती आवळता येते. पट्टीखाली सगळ्यात पातळ पत्राही शिरेना, इतकी मी मान सरळ केली. स्वतःवरच खूश झाले.

गुरुवारी धाकटी आली. मी वाजवलं. तिचं तोंड बघून मी वाजवायची थांबले, कारण ते पहिल्या रांगेतलं तोंड माझ्या ओळखीचं होतं.

"ताई, झर्र वाजतंय."

"कुठे?"

"प्रत्येक सुराला. तार पट्ट्यांवर घासतेय."

मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी गिटार पलंगावर ठेवली. म्हटलं, "परत करून ये. पुन्हा सगळ्यांसमोर शोभा करून घ्यायची नाही मला. चुकले तर चुकले हेसुद्धा ज्या बाईला कळत नाही, तिने वाजवू नये."

मला वाटलं ती समजूत घालेल. ती उखडली. "दोन महिने मी ग्रुपला अडवून धरलंय आणि तू गुरुवारी हात टेकतेस? दुकानदाराला फोन लाव."

फोन स्पीकरवर ठेवला. तो बोले ते ती मला मोठ्याने सांगे. वाजताना तार हलते, तिला हलायला जागा हवी, म्हणून मानेला थोडा बाक लागतोच. पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरली की मधे तिच्याखाली व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी.

"कुणाचं कार्ड?" मी विचारलं. "मला माप सांगा."

तो म्हणाला, "शून्य पॉइंट तीन मिलिमीटर."

हे आधीच सांगितलं असतं तर मेल्याचं काय गेलं असतं? मी सळई पाव फेरा सैल केली, तार पुन्हा सुरात लावली, मोजलं. आणखी थोडी सैल केली. तीनचा पत्रा तारेखालून बेताने सरकला. वाजवलं.

"गेलं," धाकटी म्हणाली.

मला ते आलेलं ऐकू आलं नव्हतं, गेलेलंही नाही. पण पत्रा खोटं बोलत नाही. मी फिलर पर्समध्ये टाकला.

रविवारी पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि मास्तरांनी काठ्या थांबवल्या. "झर्र येतंय कुठून तरी," ते म्हणाले, आणि बघितलं माझ्याकडे. सगळ्यांनीच बघितलं. धाकटीचं तोंड एवढंसं झालं.

माझे कान तापले. क्षणभर वाटलं, गिटार उतरवावी आणि घर गाठावं. पण पर्स उघडली, तार दोन्हीकडे दाबली, पत्रा सरकवला. बरोब्बर तीन.

"माझ्यातून नाही," मी म्हटलं. मग गिटार धाकटीकडे देऊन तिला खालचा सूर छेडत राहायला सांगितलं आणि खोलीभर हात लावत फिरले. खिडकी गप्प. खुर्ची गप्प. मास्तरांच्या छोट्या ड्रमच्या पोटाशी हात नेला, तर तिथल्या ताणलेल्या तारांनी बोटांना गुदगुल्या केल्या. माझ्या सुराने त्या आपोआप थरथरत होत्या.

"मास्तर, हे तुमचं."

त्यांनी कळ दाबून तारा सोडल्या. सगळे एकमेकांकडे बघून हसले, म्हणजे झर्र थांबलं असणार. मास्तरांनी डोकं खाजवलं आणि तारा थोड्या आवळून पुन्हा लावल्या. "पुढच्या रविवारी जरा लवकर या," ते म्हणाले. "माझा दुसरा ड्रमही बघून द्या."

आम्ही गाणं पहिल्यापासून घेतलं. गेली चार वर्षं धाकटी माझ्याशी बोलायची ती घसा ताणून, मला ऐकू जावं म्हणून. त्या दिवशी ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि हळू आवाजात गायली. शब्द मला अर्धेच कळले, पण तिच्या पाठीवरून दिसत होतं, तिचा प्रत्येक श्वास माझ्या सुरावर टेकत होता. कुठे थांबायचं ते आम्हा दोघींना एकदमच कळलं.