चौथी ताटली

“बशीत मांजराला वाढतात,” कमलाकांत समोरच्या काकडीला उद्देशून पुटपुटले. “माणसाला ताट लागतं.”

बोलले हळूच. पण धैर्यवानांच्या घरात जेवणाचं टेबल आणि ओटा यांच्यामध्ये जेमतेम एक फ्रीज मावतो. तव्यावरची सुरमई उलटता उलटता बेबीला सगळं ऐकू गेलं.

“मला कशाला ऐकवताय? मी आणल्यात का त्या? सुनेला सांगा.”

“मी काकडीशी बोलतोय.”

“मग काकडीच खा.”

बेबी म्हणजे कमलाकांतांची बायको. वय चौसष्ट, गुडघे सत्तरीचे, आणि नाव अजून बेबीच. लग्नात सासरच्यांनी तांदळात दुसरं नाव काढलं होतं, पण ते रेशनकार्डापलीकडे कधी गेलं नाही. ठाकुरद्वारच्या या तिसऱ्या मजल्यावर तिची सगळी हयात गेली, त्यातली बरीचशी ओट्यापाशी, उभ्याने.

गेल्या दिवाळीनंतर कमलाकांतांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात जाऊन ते एक स्टेंट घालून आले आणि घरात नम्रताचं राज्य सुरू झालं. नम्रता ही दादरची आहारतज्ज्ञ. पोरगी गोड, बोलणं त्याहून गोड, आणि साखर तेवढी बंद करणारी. तिचं म्हणणं असं, की पदार्थ एकदम बदलू नका, आधी ताट बदला. मोठ्या ताटात वाढलेलं थोडकं दिसतं, म्हणून हात पुन्हा पुढे जातो. लहान ताटली भरलेली दिसली की आधी डोळ्यांचं भागतं, मग पोटाचं. अर्ध्या ताटलीत भाजी-कोशिंबीर, पाव ताटलीत भात नाहीतर पोळी, राहिलेल्या पावात डाळ नाहीतर मासे. पुन्हा घ्यायचं तर जरा थांबून. आणि पोट भरलंसं वाटलं की थांबायचं, ताट चाटूनपुसून संपवायचा हट्ट नको.

यात वावगं काही नव्हतं. बेबीलाही पटलं होतं. सासऱ्यांच्या वेळचं ते काठाचं जड ताट, ज्यात कमलाकांतांनी जन्मभर भाताचे डोंगर फोडले, ते तिनेच पुसून माळ्यावर चढवलं. उर्वीने, म्हणजे सुनेने, नव्या चार ताटल्या आणल्या. पांढऱ्याशुभ्र, कडेला निळी रेघ. एक बाबांची, एक नवऱ्याची, म्हणजे अभिषेकची, एक तिची स्वतःची. चौथी पहिल्याच दिवशी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून बसली. माप असं जुळलं, जसं काही त्या पातेल्यासाठीच घडवली होती. कुणी काही विचारलं नाही. बेबीनेही नाही.

राग यायला सुरुवात झाली ती “आईंचा हात” या शब्दांपासून.

“आईंचा हात फार सढळ आहे,” उर्वी नम्रताला फोनवर सांगत होती. अगदी कौतुकाने. “त्यांना थोडकं करताच येत नाही.”

अगं बाई, बेबी मनात म्हणाली, ज्या सढळ हातावर तुम्ही साताठ वर्षं बोटं चाटलीत, तो आता रोग झाला होय? बरं, कमी करायचं म्हणजे किती? चार माणसांची डाळ चमच्याने शिजवू? आज सासूबाई असत्या, तर अर्धी वाटी डाळ बघून म्हणाल्या असत्या, कोण आजारी आहे गं? तरी तिने कमी केलं. पण घरातली माणसं तिच्याही पुढे गेली. त्यांनी नम्रताच्या सगळ्या शिकवणीतलं एकच वाक्य उचललं. ताट संपवायचा हट्ट नको.

कमलाकांत अर्धी पोळी ठेवून उठायचे आणि पोटावरून हात फिरवत म्हणायचे, “भरलं बुवा. थांबलो.” उर्वी दोन घास भात एका कडेला सारायची. “आई, एवढा नको होता.” अभिषेक ऑफिसातून येतानाच काहीतरी खाऊन आलेला असायचा. तो सुरमईची तुकडी अर्धी मोडून बाजूला ठेवायचा आणि बोटं पुसायचा.

आणि मग त्या तीन ताटल्या ओट्यावर यायच्या.

आता सुरमई कुणी टाकतं का? चिराबाजारात सकाळी कोळणीशी हुज्जत घालून, डोळे बघून, कल्ले उघडून आणलेली सुरमई? बेबी उभ्याउभ्याच ती तुकडी तोंडात टाकायची. मग अर्धी पोळी. मग उर्वीच्या कडेचा भात आणि त्यावर पातेल्याच्या बुडाशी राहिलेली डाळ. शेवंती भांडी घासायला यायच्या आत कढई, पातेलं, ताटल्या सगळं स्वच्छ. हेच तिचं जेवण. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, नवऱ्याच्या ताटातच बसावं, एक ताट कमी घासावं लागतं. पुढे बसणंही गेलं. वाढायचं, तळायचं, पुन्हा वाढायचं, त्यात कुठे बसणार? पोट भरल्याशी कारण. पण पूर्वी त्या मोठ्या ताटात काही उरायचंच नाही. ते धुतल्यासारखं यायचं, आणि तिच्या वाट्याला पातेल्यातलं काय ते मोजकं. आता माणसं थांबायला शिकली होती. थांबलेलं सगळं तिच्याकडे येत होतं.

कमलाकांतांच्या विजारी सैल झाल्या. चौपाटीवर सकाळी फिरताना त्यांचे मित्र गंगाधर म्हणाले, “कमू, लेका लग्नाला उभा राहशील.” कमलाकांतांनी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं आणि आल्यागेल्याला ते भोक दाखवू लागले. त्याच महिन्यात बेबीने तीन ब्लाउज उसवून सैल केले. ते तिने कुणाला दाखवले नाहीत.

मग उर्वीने घरच्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं आणि बेबीची साखर चढलेली निघाली.

“आता तुम्हीसुद्धा ग्रुपवर या, आई.”

ग्रुपचं नाव ‘फिट धैर्यवान’. रोज जेवायच्या आधी प्रत्येकाने आपल्या ताटलीचा फोटो टाकायचा, नम्रता तो बघून सल्ला देणार. पहिल्या दुपारी बेबी फोन हातात घेऊन ओट्यासमोर उभी राहिली. फोटो कसला काढायचा? कढईचा? तीन उष्ट्या ताटल्यांचा? ती पोरगी काय म्हणेल, की धैर्यवानांच्या घरात सासू उभ्याने उष्टं खाते? घराची शोभा दादरपर्यंत? छे.

तिने दुधावरची ताटली काढली, धुतली, पुसली. अर्ध्या भागात पडवळाची भाजी आणि कोशिंबीर, पावात भात, पावात आमटी वाटीत. वर लिंबाची फोडसुद्धा ठेवली. फोटो काढला. क्षणात नम्रताच्या टाळ्या आल्या. ‘मावशी, आदर्श ताट! सगळ्यांनी असं वाढा.’

बेबीने आदर्श ताट परत पातेल्यात ओतलं. रात्रीला होईल. ताटली धुऊन दुधावर ठेवली आणि कमलाकांतांची अर्धी पोळी उचलली.

हे रोजचंच झालं. एकदा ती फोटो काढून भात परत पातेल्यात सारत असताना कमलाकांत पाणी घ्यायला आले. त्यांनी ताटलीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, ओट्यावर मांडून ठेवलेल्या आपल्याच उष्ट्या ताटलीकडे बघितलं. 

“पाणी हवंय?” बेबीने विचारलं.

“नको,” म्हणाले आणि रिकामा पेला घेऊन परत गेले.

पुढच्या खेपेला दादरला नम्रताने बेबीला काट्यावर उभं केलं. वजन आणखी वाढलेलं. पोरीने फोनमधले फोटो चाळले, पुन्हा काट्याकडे बघितलं. “मावशी, ताट तर अगदी छान असतं तुमचं. मधल्या वेळात काही होतं का? शेव, बिस्किटं, असं काही?”

“नाही.”

“रागावू नका हं. सगळ्यांचंच होतं.”

परतताना टॅक्सीत उर्वी खिडकीबाहेर बघत राहिली. कमलाकांत पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंतीला चहाबरोबर बिस्किटं द्यायला बेबीने फळीवर हात घातला, तर डबा जागेवर नाही. चिवड्याचाही नाही. संध्याकाळी उर्वी आली तेव्हा तिने विचारलं.

“आमच्या खोलीत ठेवलेत, आई. तुमच्यासाठीच.”

“माझ्यासाठी, म्हणून तुझ्या कपाटात?”

“म्हणजे... समोर दिसलं की मोह होतो ना.”

बेबीची कानशिलं तापली. तिने पदर खोचला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ज्या स्वयंपाकघरात तिने या घराच्या तीन पिढ्या जेवू घातल्या, तिथे डब्याला कुलूप! मोह? बिस्किटांचा? जिला सणाचं श्रीखंड शेवटी डावाला लागलेलं चाटायला मिळायचं, तिला मोह! बोलायला दहा गोष्टी होत्या. पण त्यातली एक बोलायची, तर सगळंच बोलावं लागलं असतं. माझ्यासाठी वाढत नाही कुणी, असं तोंडाने म्हणायचं? म्हणजे भीकच की. त्यापेक्षा चोर परवडला.

परवडला म्हणाली खरी, पण झोंबलं ते झोंबलंच.

रविवार आला. रविवारी भानोलं. बारीक चिरलेला कोबी, कोलंबी, बेसन, धैर्यवानांसारख्या पाठारे प्रभूंच्या घरचा मसाला, सगळं कालवून थापून वर-खाली आच देऊन भाजलेलं. त्याच्या कडा कुरकुरीत होतात आणि त्या कडांवरून भावाभावांत भांडणं होतात. नम्रतानेही परवानगी दिली होती, ताटलीच्या पाव भागाएवढी. बेबीने तिघांना नेमकं तेवढंच वाढलं. सगळे गप्प जेवत होते, आणि त्या गप्प बसण्यातच काहीतरी ठरवून आलेलं होतं. उर्वीने अभिषेककडे बघितलं. अभिषेकने घसा खाकरला.

“आई, एक विचारू? कुणी रागावणार नाही तुझ्यावर.”

“माझ्यावर? रागावणार?” बेबी हातात उलथनं घेऊन वळली. “विचार.”

“तू चोरून काय खातेस?”

कमलाकांतांचा घास हातातच राहिला.

“चोरून?” बेबी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “काय म्हणालास? चोरून?”

“आई, तसं नाही म्हणत तो,” उर्वी म्हणाली. “फोटोत सगळं बरोबर असतं, मग वजन कुठून...”

“थांब.” बेबीने फळीवरचा पोह्यांचा डबा टेबलावर आदळला. “उघड. बघ.” मग साबुदाण्याचा. “हाही उघड. त्यात श्रीखंड लपवलं असेल मी.” मग शेंगदाण्याचा, रव्याचा, लाल तिखटाचा. “तिखट खाते मी चोरून, मुठीमुठीने! चहापत्ती बघ! माळ्यावर चढ, माळा बघ! गादीखाली बघ, बांगडे ठेवलेत मी तिथे सुकवून! अरे, जन्मभर रांधते इथे. चोरायचंच असतं तर तुमच्या ताटात पोचू दिलं असतं का काही? तुम्ही जेवायच्या आत मला घास गिळता आला असता एक दिवस, तर आज ही...”

बोलणं अर्ध्यावर तुटलं. टेबलावर जागा उरली नव्हती. रव्याचा डबा उर्वीच्या ताटलीवर कलंडत होता. बेबीने सवयीने ताटल्या आवरायला घेतल्या. उर्वीची उचलली, त्यातला कडेचा भात निपटून कमलाकांतांच्या ताटलीत सारला. अभिषेकची उचलली, तीतलं उरलेलं भानोलं त्याच ताटलीत टाकलं. हातांना काम पाठ होतं. कमलाकांतांच्या ताटलीत अर्धी पोळी होती. ती तिने उचलली, भानोल्याच्या तुकड्याला लावली आणि तोंडात टाकली.

चावता चावता ती थांबली.

तिघं तिच्याकडे बघत होते. अभिषेकने नजर खाली घातली आणि समोरच्या तिखटाच्या डब्याचं झाकण उगाच लावायला घेतलं. उर्वीने फोन उचलला आणि परत ठेवला. त्यातल्या एकालाही नवल वाटलेलं नव्हतं. हे सगळ्यांनी रोज पाहिलेलं होतं, जसा भिंतीवरचा स्विच रोज दिसतो.

“बेबी, ठेव ते,” कमलाकांत म्हणाले.

तिने घास गिळला. ताटली हातातच धरून ठेवली.

“चोरून नाही खात ती,” कमलाकांत मुलाला म्हणाले. त्यांचा आवाज छातीत कळ आली त्या दिवशीसारखा बारीक झाला होता. “आपण टाकतो ते खाते. मी अर्धी पोळी ठेवतो, तुम्ही मला शाबासकी देता, आणि ती अर्धी पोळी कुठे जाते ते मला ठाऊक असतं. मागे एकदा मी डोळ्यांनी बघितलं, फोटोतला भात ही परत पातेल्यात ओतत होती. पाणी न पिता निघून आलो. माझं जे उतरलं ना, ते हिच्या अंगावर चढलंय.” त्यांनी बेबीकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून ओट्याकडे बघितलं. “उर्वी, तू चार ताटल्या आणल्या होत्यास. चौथी तिथे आहे बघ, दुधाच्या पातेल्यावर. या घरात दुधाला ताटली आहे. हिला कधीच नव्हती.”