मोगरीचा ठोका

सासऱ्यांच्या काळी धार लावायचा दगड खाणीतून यायचा आणि पायाने फिरायचा. फुटलाच तर पायाशी पडायचा. आता तो कारखान्यातून येतो, मोटरवर गरागरा फिरतो, आणि फुटला तर समोर बसलेल्याचं डोकंच घेऊन जातो. म्हणून चढवण्याआधी तो सळईवर टांगायचा आणि लाकडी मोगरीने ठोकायचा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा.

आमच्याकडे ठोकायचा मान ह्यांचा. समोर बसून धार लावायचं काम धाकट्या दिरांचं.

त्या दिवशी ह्यांनी नवा दगड ठोकला. बद्द! आणि हे म्हणतात, "खणखणीत आहे. चढव."

"अहो, कसला खणखणीत? तडा आहे आत!" मी ओरडले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

दीर हसले. "वहिनी, दादाने सांगितलं ना, मग मी डोळे मिटून बसतो." आणि लागले की पाना शोधायला!

वर्षभर मी बघत होते. दार वाजलं तरी हे ढिम्म. समोरच्याच्या ओठांकडे बघून वेळ मारून न्यायचे. विचारलं की अंगावर यायचे, "माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

मी दिरांचा हात धरला, पाया पडते म्हटलं. ऐकतील तर शपथ! शेवटी मोगरीच हिसकावली आणि टांगलेल्या दगडाच्या पलीकडे गेले.

"परत ठोकते. नीट ऐका!"

हात उगारला, जोरात आणला, आणि दगडापासून बोटभर अलीकडे थांबवला. बाजूला उभ्या दिरांना ते दिसलं. ह्यांना दगडाआडून फक्त माझा खांदा हलताना दिसला.

ह्यांनी मान डोलावली. "बघ. खणखणीत."

दिरांच्या हातातला पाना खाली पडला. मला रडू आवरेना. एक जीव वाचवला होता, पण त्यासाठी नवऱ्याला त्याच्याच भावासमोर उघडं पाडलं होतं.

हे एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे बघत राहिले. मग थरथर लागते का बघायला त्यांनी दगडावर तळहात ठेवला.

"ठोकलंच नव्हतंस ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

ते भावाकडे वळले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आजवर असल्या किती दगडांसमोर बसवलं रे मी तुला?"