हिरव्या दिव्याचे महाराज

टेकडीवरच्या टॅक्सी स्टँडवर भर दुपारी तीसेक हायब्रिड गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि तीसेक धडधाकट माणसं आपापल्या बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभी होती. समोर पांढऱ्या झग्यातले विद्युतमहाराज, हातात तांब्याची कांडी. ही कांडी ज्या गाडीला लागेल ती पेट्रोल विसरून बॅटरीवर धावते, अशी त्यांची ख्याती.

"पेट्रोल हे पृथ्वीचं रक्त! वीज हा आकाशाचा श्वास!" महाराज गरजले. "रांगेत गाडी बंद करायची नाही, ती झोपते! हीटर बंद, एसी बंद! शक्तीला गळती नको!"

कांडी टेकली आणि पहिली गाडी उताराला लागली. इंजिनाचा आवाज नाही, स्टिअरिंगमागे बॅटरीचा हिरवा दिवा लखलखीत. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणीच आलं. मलाही रडू येत होतं, पण वेगळ्या कारणाने.

स्टँडच्या कोपऱ्यात माझं टायरचं दुकान आहे. हायब्रिड गाडीत इंजिन आणि बॅटरी दोन्ही असतात आणि केव्हा कोणी ओढायचं ते गाडीच ठरवते, एवढं मला ठाऊक होतं. महाराज ठरवतात हे नवीन होतं. हसून सोडून दिलं असतं, पण त्या रांगेत माझा थोरला भाऊही होता.

"महाराज, दुपारी कृपा असते," दादा हात जोडून म्हणाला. "सकाळी मात्र दिवा लागतच नाही. इंजिन नुसतं बोंबलतं."

"सकाळी शेजारी कोण बसतं?"

"सूनबाई. सहाच्या पाळीला तिला वर हॉस्पिटलात सोडतो."

महाराजांनी डोळे मिटले. "तीच पिते वीज. आज गाडीची पितेय, उद्या तुझ्या मुलाची पिईल. घराबाहेर काढ तिला."

दादाचा मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. महाराजांचा नेम बरोबर लागला. दादाचा चेहरा पांढराफटक पडला आणि संध्याकाळी त्याने सुनेला सांगून टाकलं, रविवारच्या आत माहेरी जा. माझा भाऊ मनाने वाईट नाही, असं मी इथे लिहिणार होतो. आता लिहीत नाही.

कळल्यावर मी तसाच त्याच्या घरी गेलो. "अरे, डोकं गहाण ठेवलंस का?"

"मी मोजलंय!" दादाने टेबलावर वही आपटली. "ती बसली की अठरा मिनिटांत दिवा लागतो जेमतेम दोन मिनिटं. ती नसली की त्याच रस्त्यावर बारा मिनिटं. पंधरा दिवस लिहितोय. आकडे खोटं बोलतात का?"

मी वही उघडून आकडे पाहिले. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही ते पटले. याची लाज अजून वाटते.

सून दारात उभी होती. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. ती रडत वगैरे नव्हती, तिला सणसणीत राग आला होता.

"आकडे खरे आहेत, अप्पा," ती सासऱ्याला म्हणाली. "पण मी असते तेव्हा कडाक्याची थंडी असते. इंजिन गार, हीटर चालू, रस्ता चढाचा. मी नसते तेव्हा दुपार, गाडी तापलेली, हीटर बंद आणि उतार. माझ्याशिवाय चार गोष्टी बदलल्या आणि दोष मात्र माझा? लॅबमध्ये मी असा रिपोर्ट दिला, तर मला घरी बसवतील."

"मग काय करायचं?" दादाने विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्याने कोणाला काही विचारलं होतं.

"एकच गोष्ट बदला. परवा माझी सुट्टी आहे, सकाळी सहाला माझ्या जागी महाराजांना बसवा, बाकी सगळं तसंच. दुपारी उताराला मी बसते. काका दोन्ही वेळेला मागे बसतील. तरी दोष माझाच निघाला, तर मी स्वतःहून जाते."

महाराजांना गाठायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर भर गर्दीत त्यांच्यासमोर वाकलो. "महाराज, आपण शेजारी बसलात तर दिवा कसा तळपेल!" टाळ्या पडल्या. प्रातःकाळी आपण समाधीत असतो, असं महाराज पुटपुटले. "गाडीतच लावा की समाधी!" एक ड्रायव्हर पुढे होऊन म्हणाला, आणि तो अगदी भक्तीने बोलत होता. महाराजांची पंचाईत झाली.

सकाळी सहाला काचांवर दव गोठलं होतं. महाराज दादाशेजारी बसले, दात वाजत होते. दादाने रोजच्यासारखा हीटर लावला, तर महाराज म्हणाले, "अजून वाढव रे, पाय गारठले." मला जागेवरच नाचावंसं वाटलं. गाडी चढाला लागली आणि इंजिन जे गुरगुरायला लागलं, ते थांबायचं नाव घेईना. महाराज कांडी डॅशबोर्डवर घासत होते, कपाळावर त्या थंडीत घाम. अठरा मिनिटांत दिवा लागला एक मिनिट चाळीस सेकंद.

"सुनेपेक्षा जास्त पितात की हे," मी म्हणालो.

वर ड्रायव्हर वाट बघत होते. त्यांनी आकडा ऐकला. "तिची सावली सीटवर उरली आहे!" महाराज ओरडले. "बरं, दुपारी ती स्वतःच बसणार आहे, थांबा," मी म्हटलं. पण महाराजांना तातडीने दूर कुठेतरी कार्य निघालं. दुपारी तापलेल्या गाडीत, हीटर बंद ठेवून, सून शेजारी बसली आणि उतार संपेपर्यंत दिवा विझला नाही.

परत आल्यावर तिने सगळ्यांना समजावलं. गार इंजिन आधी स्वतःला तापवायला सुरू होतं. हीटरची ऊब इंजिनातूनच येते, म्हणून हीटर लावला की इंजिनाला विसावा नाही. चढाला इंजिन आणि बॅटरी दोघांनाही राबावं लागतं. उताराला गाडी उलट बॅटरीच भरते. महाराज फक्त तापलेल्या गाड्या गोळा करायचे, हीटर बंद करायला लावायचे आणि उतारावर सोडायचे. "थंडी सरली की दिवा आपोआप जास्त लागेल," ती म्हणाली. "तेव्हा श्रेय घ्यायला दुसरा कोणी येईल. त्यालाही सकाळी सहाला बसवा."

दादा तिच्याजवळ गेला. "चुकलो मी."

"मला एकटीला नका सांगू," ती म्हणाली. "मला हाकलायचा निकाल इथे सगळ्यांसमोर लागला होता. इथेच मोठ्याने सांगा."

दादाने सांगितलं. "माझ्या सुनेचा काडीचाही दोष नव्हता. मी मोजलं, पण मला जे सोयीचं होतं तेवढंच मोजलं."

मला वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. गाडी, पोट, पीक, पोर, काहीही बिघडलं आणि कोणी घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर आधी ते बोट खाली करा. मग एकेक गोष्ट बदलून बघा. एक दिवस लागतो. माणूस घरातून गेलं की परत आणायला कधीकधी आयुष्य पुरत नाही.

गर्दी पांगली. तो म्हातारा ड्रायव्हर मात्र तिथेच उभा होता. सुनेजवळ येऊन हळूच म्हणाला, "पोरी, गेल्या महिन्यात त्यानेच सांगितलं म्हणून मी बायकोला तिच्या बहिणीकडे पाठवलंय. चाळीस वर्षं शेजारी बसायची माझ्या."

"मग इथे काय करताय?" ती म्हणाली.

त्याने हीटर लावला, गाडी काढली आणि हिरव्या दिव्याकडे ढुंकूनही न बघता निघाला.