किट खराब असल्याचं पत्र

आमच्या प्रयोगशाळेत किट निवडायला समिती असते. प्रथिनं मोजायच्या किटवर ती दोन तास बसली, कारण त्यात द्रावण निळं होतं आणि निळा रंग सगळ्यांना कळतो. गडद म्हणजे प्रथिन जास्त, फिकं म्हणजे कमी. यावर मत द्यायला पदवी लागत नाही, तरी प्रत्येकाने आपापली वापरून घेतली. डीएनएची मोडतोड शोधणारं किट मात्र सात मिनिटांत उरकलं. जेवायची वेळ झाली होती.

त्यासाठी दोन किटं चाचणीला आली होती. पहिल्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. डीएनए शाबूत असेल तर गोल टिकली, तुटलेलं असेल तर मागे शेपूट. दुसऱ्यात नुसता आकडा येतो. दोन्ही पारखायला एक निरोगी माणूस हवा होता, म्हणून मी माझ्या थोरल्या भावाला बोलावलं. दादा कारखान्यात लोखंडी नळांच्या जोडांचे एक्स-रे काढायचा. त्याला साधी सर्दी झालेली कुणाला आठवत नव्हती. कामावरून थेट आला आणि बाही वर केली.

"घे, काढ. लहानपणापासून माझंच रक्त पितोयस."

पहिल्या किटमध्ये त्याच्या निम्म्या पेशींना शेपट्या फुटल्या. दुसऱ्यात आकडा व्यवस्थित आला. समितीचं तर्कशास्त्र सरळ होतं: माणूस निरोगी आहे, म्हणजे किट खराब आहे.

"धडधाकट माणसाला शेपूट?" साहेब म्हणाले आणि सगळे हसले. मीही.

तक्रारीचं पत्र मीच लिहिलं. कंपनीने उलट विचारलं, नमुना नक्की निरोगी माणसाचा होता ना? मी कळवलं, खात्रीने, घरचाच आहे.

तीन वर्षांनी दादाला रक्ताचा कर्करोग निघाला. सात महिन्यांत तो गेला.

परवा वहिनींनी घरी बोलावलं. टेबलावर कारखान्याचा कागद होता. दादाच्या जागी पुतणीला घेत होते, सोमवारपासून.

"भाऊजी, तुम्ही शास्त्रातले. त्या कामानेच बाधलं असेल का हो यांना?"

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात खरं वाक्य आहे आणि ते बोलणाऱ्याच्याच जास्त उपयोगी पडतं.

"मग पाठवू ना पोरीला?"

मी कागद बाजूला सरकवला. मग सगळं सांगितलं: टिकल्या, शेपट्या, एक्स-रेनेही डीएनए तुटतं हे, समिती, पत्र.

"यांना सांगितलं होतंत?"

"किट खराब निघालं, एवढंच सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, बघ, माझ्यापुढे मशीनही टिकत नाही."

वहिनींच्या ओठांवर जुनं हसू आलं, कारण ते अगदी त्याचंच वाक्य होतं, आणि मग ते तोंडावर तसंच राहिलं; आवरायचं कसं हे त्यांना सुचेना. पदराने चेहरा पुसून त्यांनी आत हाक मारली.

"इकडे ये गं. बस इथे." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगा भाऊजी. पहिल्यापासून. काही गाळू नका."

पुतणी ओले हात पुसत समोर येऊन बसली. तिचं नाक दादासारखं आहे. मी सुरुवात केली.