शिंपिणीने बांधलेली पेटी

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीही. एका रागीट बाईची गोष्ट सांगतो. राग वाईट खराच; पण देवाने तोही कशासाठी तरी दिला असेल, ते ऐका आणि मग ठरवा.

शिंपीणबाईंनी स्वतः जोडलेल्या विजेच्या पेटीची कळ पायाने दाबली, नवऱ्याच्या गिटारची तार छेडली. स्पीकरमधून आवाज नाही. पुन्हा दाबली. ठणठणाट.

"मेलीचा मुडदा बसवला!"

"वहिनी," दारातून नणंद म्हणाली, "काजं-बटणं वेगळी आणि हे वेगळं. देवाने नेलेलं परत मागू नये."

"देवाने कुठे नेलं, वन्सं? बँडवाल्यांनी नेलं. उगाच देवाच्या नावावर खपवू नका!"

खोटं नव्हतं. नवऱ्याचा जन्म गिटार वाजवण्यात गेला. मग उजव्या अंगावरून वारं गेलं. हात परत हलू लागला, पण जोर आला नाही. तार छेडली की सूर जन्मतःच मरायचा. बँडवाले घरी आले आणि गोड बोलून गेले, "भाऊ, आता तुम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकायचं." नवऱ्याने वर त्यांचे आभार मानले, गिटार कपाटामागे सरकवली. त्या आभारांनी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या तडक रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याने सांगितलं, बारीक सूर धरून लांबवणारी पेटी असते, पायाखाली ठेवायची. ती जोडायचं नवशिक्यांसाठीचं एक चित्र दिलं, सुटे भाग दिले, ते बसवायला भोकाभोकांची पट्टी दिली. पट्टीच्या पाठीवर तांब्याच्या रेघा. वीज त्यांच्यातून धावते, नको तिथे रेघ कापायची.

कापायची! मग काय, हातचाच मळ. कापड उलटं पसरून आतल्या बाजूला खडूने आखावं, तशी बाईंनी पट्टी तांबं वर करून धरली आणि चित्रातल्याप्रमाणे रेघा कापल्या. बोटं भाजून घेत एकेक भाग डाग देऊन बसवला. आणि आता हे मढं!

त्यांनी पट्टी उचकटून भिंतीवर भिरकावली. नवऱ्याने ती डाव्या हाताने उचलली, चित्राशेजारी धरली, उलटसुलट केली.

"अगं, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवल्यास की काय? चित्र वरून, भागांच्या बाजूने पाहिलेलं आहे. तू खालून, तांब्याच्या बाजूने कापलंस. सगळे काप आरशातल्यासारखे उलटे पडलेत."

बाई लालबुंद झाल्या. "मग इतके दिवस तोंडाला टाके घातले होते?"

"विचारलंस कुठे? ओरडत तर होतीस."

चित्र खिडकीच्या काचेवर पालथं धरून त्यांनी नव्याने गिरवलं. नवी पट्टी कापली, भाग पुन्हा डाग देऊन बसवले. कळ दाबली. नवऱ्याने दुबळ्या बोटाने तार छेडली. सूर निघाला आणि मेला नाही. खोली भरून जिना उतरून गेला.

नवरा तो संपेपर्यंत ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा माझा नाही गं. माझा गेला."

"गेला तर गेला! हा मी शिवलाय. अंगाला बसत नसेल तर सैल करून देते. पण घालून बघितल्याशिवाय उठायचं नाही!"

तो हसला, डोळे पुसले आणि वाजवू लागला. बाई मशीनवर बसल्या, तोच पेटी गुरगुरू लागली. मशीनच्या मोटरची घरघर सुरात शिरत होती.

"तू शिवून घे. मी थांबतो."

"थांबायची सवय लावून घेऊ नका!" म्हणत बाईंनी मशीनची पिन खसकन उपटली.

बँडवाल्यांचं बोलावणं काही आलं नाही. बाईंचा रागही गेला नाही. पण तो वाजवत असला की त्या खिडकीशी बसून, दात आवळून, गिऱ्हाइकांचे कपडे हाताने शिवतात. टाक्यामागे टाका.

घरी जाल, देवाशी दोन शब्द बोलाल, तेव्हा या बाईची आठवण ठेवा. तिला शांत कर, असं म्हणू नका. तिच्या बोटांना बळ दे, एवढंच म्हणा.